कोरा फिल्टर

"ते डबडं माझ्या वॉर्डात ठेवायचं नाही, सांगून ठेवते!" मोठ्या सिस्टर दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"सिस्टर, नमुने घेण्याआधी डब्यांत फिल्टर भरावे लागतात. बसायला एखादा कोपरा द्या."

"चादरींच्या कोठीत बसा. इथे पेशंट घाबरतात."

पेशंट कुठले घाबरतायत! घाबरल्या होत्या त्या सिस्टरच. हवा तपासणारा हा हवावाला आला की कुणाची तरी नोकरी जाते, हे सगळ्या हॉस्पिटलला पाठ होतं. हवा ओढणारा एक पंप आणि डब्यांतले फिल्टर, एवढंच त्याचं सामान. फिल्टरवर जे बसेल त्याची जनुकं वाचून प्रयोगशाळा सांगायची, ही बुरशी कोणती आणि कुठल्या बुरशीची सख्खी. इतकी वर्षं हे काम केलं, पण 'बसा, चहा घ्या' असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. बायकोसुद्धा म्हणायची, "जिथे जाता तिथे कुणाचं तरी पाप उकरता."

या वेळचं पाप मोठं होतं. कॅन्सरच्या वॉर्डातला एक मुलगा छातीत बुरशी होऊन गेला होता. त्याला घरच्या जुन्या शालीशिवाय झोप यायची नाही, म्हणून आईने ती आणली होती. आता सगळ्यांची बोटं त्या शालीकडे होती.

हवावाल्याने कोठीत बसून फिल्टर भरले. मग खाटेजवळची हवा घेतली, शालीजवळची घेतली. शेवटी एक फिल्टर नुसताच उघडला आणि पंप न लावता बंद केला.

"हे काय नाटक?" सिस्टर हसल्या.

"हा कोरा. यावर काही सापडलं तर ते माझ्याकडूनच आलं. दुसऱ्याची झडती घेणाऱ्याने आधी आपले खिसे दाखवावेत."

निकाल आला तेव्हा अधीक्षकांनी मुलाच्या आईला बोलावून घेतलं. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"मुलाच्या छातीतली बुरशी आणि शालीजवळची बुरशी एकच निघाली," अधीक्षक म्हणाले. "म्हणजे ती तुमच्या घरून आली, बाई. आमच्याकडून विषय संपला."

आई रडली नाही. आपल्या हातांकडे बघत राहिली. "रोज मीच पांघरायचे त्याला," ती म्हणाली. "गळ्यापर्यंत."

"साहेब, कोऱ्या फिल्टरवरही तीच बुरशी आहे," हवावाला म्हणाला.

"वाचलंय मी. तो तुमचा गलथानपणा. आमच्या गळ्यात कशाला मारता?"

"माझाच गलथानपणा. म्हणून सगळेच नमुने बाद. शालीचाही बाद."

"या हॉस्पिटलची पायरी पुन्हा चढायची नाही, असं ठरवूनच आलात वाटतं?"

"आजवर कुणी प्रेमाने चढू दिलीय?" त्याचा आवाज चढला. "फिल्टर मी कोठीत भरले, कारण वॉर्डात मला बसू दिलं नाही. त्याच कोठीतल्या चादरी त्या पोराच्या अंगाखाली होत्या. चला, बघू या."

कोठीत त्याने झाडूच्या दांड्याने छताचा तक्ता वर ढकलला. ओला, काळा, केसाळ तुकडा खाली पडला, तो नेमका पांढऱ्या चादरींच्या चळतीवर. वर पाइप गळत होता. सिस्टरनी तोंडाला पदर लावला. अधीक्षक एवढंच म्हणाले, "हे बाहेर बोलायचं नाही."

त्याने तो तुकडा उचलून डबीत घातला. पुढे त्याचीही जनुकं मुलाच्या बुरशीशी जुळली. ते आईला सांगायला, हॉस्पिटलकडून बंद पिशवीतली शाल मागून घेऊन, तो स्वतः तिच्या घरी गेला.

"ताई, तुमच्याकडून काही झालं नाही. चूक छताची होती."

तिने पिशवी फाडली, ती त्याच्या हातात दिली आणि शाल तोंडाला लावली.

"हिला औषधाचा वास येतोय."

"हॉस्पिटलने उकळून धुतली. तसा नियम आहे."

"आधी त्याचा वास यायचा." तिने त्याच्याकडे पाहिलं, त्या नजरेत आभार नव्हते. "तुम्ही हवेतलं सगळं पकडता ना? मग तेवढं का नाही पकडलंत?"

त्याने पायाशी ठेवलेल्या पंपाच्या पेटीकडे पाहिलं.

"निघा तुम्ही," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

तो रिकामी, फाटकी पिशवी हातात घेऊन जिन्यात उभा राहिला. फेकावीशी वाटेना. शेवटी त्याने ती नीट घडी घालून खिशात ठेवली आणि पंपाची पेटी उचलली.