बिनसर्टिफिकेटचा निळा

मोशीच्या अर्जुनरावांचा डावा डोळा काचबिंदूने दहा वर्षांपूर्वीच नेला होता. आता उजव्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलं. डॉक्टर म्हणाले, भोक बुजवायचं तर पडद्यावरचा पापुद्रा सोलावा लागेल. तो कांद्याच्या सालीहून पातळ आणि काचेसारखा पारदर्शक. म्हणून डोळ्यात निळा रंग घालायचा, पापुद्रा निळा दिसला की चिमट्याने सोलून काढायचा.

मुलगा शेखर चाकणला एका कंपनीत क्वालिटीत. तिथे लोखंडी पार्टांवर लाल रंग फासून तडे शोधतात. त्यामुळे दवाखान्यात सगळं समजलेला नातेवाईक तो एकटाच. अशा माणसापासून सावध राहावं, पण तशी पाटी कुठे लावत नाहीत.

शनिवारी अर्जुनरावांना, म्हणजे त्याच्या आबांना, ऑपरेशनसाठी आत नेल्यावर डॉक्टर बाहेर आले.

"नेहमीचा रंग संपलाय. दुसऱ्या मेकचा आहे, पण खोक्याबरोबर तपासणीचं सर्टिफिकेट आलेलं नाही. सोमवारी करू या का?"

सोमवारी शेखरच्या कंपनीत ऑडिट होतं. सुट्टी मिळणार नव्हती. आणि असा कागदाविना माल कंपनीत आला, गिऱ्हाइकाचा ट्रक गेटवर उभा असला, की तिथे एक उपाय असतो: डेव्हिएशन. 'या वेळेपुरते चालवून घ्यावे' असं लिहायचं, खाली सही ठोकायची, माल लाइनवर. सहा वर्षांत शेखरने अशा शंभरेक सह्या केल्या होत्या. एकही गाडी परत आली नव्हती. आली असेल तर त्याच्या टेबलापर्यंत आली नव्हती.

"डेव्हिएशनवर घ्या डॉक्टर. मी सही करतो."

"डोळा आहे हो."

"रंग तोच ना? निळाच?"

"तोच. पण किती शुद्ध, ते कागदाशिवाय कळत नाही."

"मी रोज हेच करतो."

डॉक्टर पाचदा नको म्हणाले असते तर शेखरने ऐकलं असतं. ते दोनदा म्हणाले. बाकावर आणखी चार पेशंट बसले होते.

ऑपरेशननंतर भोक बुजावं म्हणून आठ दिवस आबा पालथे झोपले. दीड महिन्याने तपासणी झाली. भोक बुजलं होतं, ऑपरेशन कागदोपत्री यशस्वी होतं. फक्त नजरेच्या मधोमध काळा डाग बसला होता. समोरच्या माणसाला धड असे, तोंड नसे.

"रंगानं पेशी मेल्या असतील," डॉक्टर म्हणाले. "रंगामुळेच, असं ठाम सांगता येत नाही. रंगामुळे नाही, असंही नाही. नजर परत येणार नाही, एवढं नक्की."

शेखरने घरी यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य सांगितलं. दोन्ही खरी होती. कंपनीतही तो खरंच लिहायचा, पण निवडून.

रविवारी नानासाहेब आले. आबांचे लंगोटीयार, गावचे माजी सरपंच. बाहेर दोन जीप माणसं.

"अर्जुना, तू फकस्त सांग. दवाखान्याची एक काच ठेवत न्हाई."

"काचा फोडून मला दिसणार हाय व्हय?"

"तसं न्हाई, पर वचक बसतो. माझाबी मोतीबिंदू तिथंच काढायचाय."

"मंग आधी काढून घे, मागनं फोड."

नानासाहेब हसले नाहीत. उठून दाराशी चपला घालू लागले.

"नाना, थांबा," शेखर म्हणाला. "डॉक्टर सोमवारी करू म्हणत होते. मीच सही केली."

नानासाहेबांचा एक पाय चपलेत, एक फरशीवर राहिला.

"कशापायी?" आबांनी विचारलं.

"ऑडिट होतं."

"म्हंजी काय आसतंय?"

"बाहेरची माणसं येतात. आम्ही नीट तपासतो का, ते तपासतात."

"मंग? निघालं का नीट?"

"निघालं."

आबांनी मान भिंतीकडे वळवली. शेखरला वाटलं, तोंड फिरवलं. पण डाग बाजूला सारायला आबांना आता तसंच करावं लागे. ज्याला पाहायचं, त्याच्याकडे बघायचं नाही. डोळ्याच्या कडेला त्यांनी लेकाला बराच वेळ धरून ठेवलं.

"वाळलास की रं," ते म्हणाले.