पोटातली कवळी

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. अंतर्यामी बाबा स्टेजवर डोळे मिटून बसायचे आणि टोकन नंबर पुकारला की समोर येणाऱ्याच्या मनातलं घडाघडा बोलायचे. दुकानदाराने बायकोपासून लपवलेली गाडी, नर्सबाईंचं मोडलेलं लग्न. लोकांचा आ मिटत नव्हता.

मग शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या माईंचा नंबर आला. तो सुनेच्या फोनवर काढलेला, म्हणून सूनही सोबत.

बाबांनी भुवया ताणल्या. "माई, घराला तडा जातोय. सून वेगळं राहायला खोली बघतेय."

आयुष्यात कुणाचं ऐकून न घेतलेली बाई मुकाट्याने खाली उतरली.

घरी येताच माईंनी पिशवी आदळली. "खरं की खोटं?"

"खरं," सून म्हणाली. "पण आई, मी फक्त ह्यांना मेसेज केला होता."

"म्हणजे तो गाढवही सामील. बाबांनी बरोबर पाहिलं."

"पाहिलं कुठलं, वाचलं. टोकनसाठी त्यांचं ॲप घ्यायला लावलंत ना? त्याने विचारलं, मेसेज वाचू का, फोटो बघू का. मी थांबले, तर तुम्हीच म्हणालात, दाब की हो, चांगल्या कामात कसल्या शंका काढतेस."

सुनेकडून आणि बाबांकडून, माईंना दोन्हीकडून चटका बसला होता. "टाक तो फोन कचऱ्यात."

"आणि युनिफॉर्मच्या ऑर्डरी कुठून येतील? फोनने काय केलंय? परीक्षा बाबांची घेऊ."

तिने नवऱ्याला आधी सगळं सांगितलं आणि मग मेसेज धाडला: आईंनी झोपेत कवळी गिळली, कुणाला सांगू नका.

पुढच्या बैठकीला बाबांनी हवेत हात फिरवला. "माई, लपवू नका. पोटात दात रुतलेत. आमचं मंतरलेलं पाणी घ्या, विरघळतील."

माईंनी माईक ओढला. "बाबा, मला कवळीच नाही. हे बघा." आणि त्यांनी जबडा उघडून आपले खरे दात दाखवले.

पुढच्या रांगेत हसू फुटलं. बाबा सावरले. "अविश्वासाच्या लहरींनी आमची दृष्टी गढूळ झाली."

"गढूळ झाली तरी सुनेचा मेसेज बरा वाचता आला."

मग सुनेने ॲप उघडून प्रत्येक परवानगी लोकांना वाचून दाखवली. दुकानदार खिशातला फोन चाचपू लागला. सून म्हणाली, "फोन जरूर वापरा. पण कुणी काही मागितलं की आधी विचारा, रांगेतल्या नंबरासाठी याला माझे मेसेज कशाला हवेत? उत्तर पटेपर्यंत हो दाबू नका. चमत्कार म्हणतात तो आपल्याच बोटाने घडवलेला असतो."

टाळ्या पडल्या. माई मात्र हसल्या नाहीत. रस्त्यात म्हणाल्या, "त्या भामट्याचं काही नाही, तो परका. माझ्या घरातलं त्याला आधी कळलं आणि मला नंतर, ते लागलं."

"तुम्ही ऐकून घेतलं असतंत?"

"नसतं," माई म्हणाल्या. "तरी सांगायचं होतंस."