अर्ध्या वाटेवरचा बाक

खट्.

सकाळच्या शांततेत बाबांच्या सुटकेसची डावी कडी बसली. उजवी अशी सहज बसत नाही, तिला झाकणावर वजन लागतं. ते वजन म्हणजे आमची भिंगरी, वय वर्षं साडेपाच. ती वर चढली, दोनदा आपटली, तिसऱ्या वेळी बाबांनी अंगठ्याने कडी दाबली.

“झालं, मालकीणबाई. उतरा.”

“आजोबा, मामाकडून निघताना हिच्यावर कोण बसतं?”

“मामाच. तो एकदाच बसतो. पुरतं.”

मामाच्या आकारावर भिंगरी पोटभर हसली. मी स्वयंपाकघरात पाण्याच्या बाटल्या भरत होते. त्या भरून झाल्या तरी तिथेच उभी राहिले. मंगळवारपासून मी बाबांच्या समोर येणं टाळत होते.

आई गेली, बाबांनी दुकान बंद केलं, तेव्हापासून आमचं ठरलंय: चार महिने माझ्याकडे, चार महिने दादाकडे. आमच्या दोघांच्या गावांमध्ये बसने आठ तासांचं अंतर. एवढं जाऊन-येऊन करायला दोघांनाही सवड नाही, म्हणून आम्ही बरोबर अर्ध्या वाटेवरच्या एका स्टँडवर भेटतो. मी चार तास येते, तो चार तास येतो. कॅन्टीनसमोरच्या बाकावर बाबा, सुटकेस आणि औषधांची पिशवी एकाकडून दुसऱ्याकडे जातात. दादाची परतीची बस दोनची, माझी सव्वादोनची. दोनच्या आधी एकत्र चाळीस मिनिटं मिळतात. आम्हा भावाबहिणीचं सगळं नातं गेली तीन वर्षं त्या चाळीस मिनिटांवर चाललंय.

भिंगरीला यात काही वावगं वाटत नाही. तिला कळायला लागल्यापासून आजोबा स्टँडवरच मिळतात. तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीची आजी रोज शाळेत घ्यायला येते, तर हिने त्या मुलीला विचारलं, “तुमचा नंबर संपतच नाही का गं?” घरी येऊन मला म्हणाली, “त्यांच्या मामाला कुणीतरी सांगायला पाहिजे.” आत्या म्हणजे तिच्या लेखी फोनमधली बाई, मामा म्हणजे स्टँडवरचा माणूस. आणि मामीला तिने जेमतेम दोनदा पाहिलंय, त्यामुळे मामी म्हणजे आजोबांच्या सुटकेसमधल्या कपड्यांच्या कडक घड्या.

मंगळवारी दादाचा फोन आला होता. वहिनीची पाठ धरलीय, मुलाची शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे, दोनच खोल्या. त्यांच्या गावाबाहेर एक जागा आहे. चांगली आहे, डॉक्टर रोज येतात, बाग आहे. वृद्धाश्रम हा शब्द त्याने अख्ख्या फोनमध्ये एकदाही उच्चारला नाही. “कायमचं होईल. सारखी ने-आण नको. पण तू नको म्हणालीस तर नको,” तो म्हणाला. पुढच्या महिन्यापासून मला चष्म्याच्या दुकानात पूर्ण दिवस बोलावलंय. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. सकाळी नऊ ते सहा. घरी बाबा एकटे, त्यात त्यांचा तोल जातो हल्ली. हे सगळं माझ्या डोक्यातून दोन सेकंदांत गेलं आणि मी म्हणाले, “बघू.”

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे हो, फक्त उद्या कुणी आपलं नाव घेऊ नये म्हणून तसं म्हणतात.

बाबांना काही सांगायचं नाही, ते दादा सांगणार, असं ठरलं.

बसमध्ये बाबांनी सवयीने सीट दाबून पाहिली. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या खुर्च्या-सोफ्यांना स्प्रिंगा बसवल्या, कापड चढवलं. अजूनही कुठे बसण्याआधी तळवा टेकून आत काय भरलंय ते बघतात.

“भुसा,” ते म्हणाले.

भिंगरीनेही दाबून पाहिलं. “भुसाच,” तिने निकाल दिला आणि खिडकी पकडली.

या रस्त्याचा तिचा स्वतःचा नकाशा आहे. त्यात गावं नाहीत. आधी बुटाचं चित्र काढलेली भिंत येते, मग एका डोळ्याचं घर (त्याची दुसरी खिडकी विटांनी बुजवलीय), मग पूल, मग ‘आई झोपते ती चढण’. आज मी झोपले नाही.

“आई, चढण आली. झोप ना.”

“आज झोप येत नाहीये गं.”

“मग स्टँड कसा येणार?” तिचा चेहरा खरोखर काळजीत पडला. मी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनी बाबांचा हात माझ्या खांद्यावरून पलीकडे जाऊन खिडकीची काच सरकवताना जाणवला. वारा माझ्या कानाला लागत होता म्हणून. मी लहान असताना ते करायचे तसंच.

दादा आधीच येऊन बसला होता. एरवी धापा टाकत येतो.

“वाळलीस गं,” तो म्हणाला.

“तू काही मनावर घेत नाहीस.”

हे आमचं दर वेळचं. यावर तो एरवी पोटावर हात फिरवतो. आज त्याने फक्त सुटकेस उचलून बाकाखाली सरकवली. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. भिंगरीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि सरळ विचारलं, “तुम्हाला घ्यायला कुणी आलं नाही?”

“माझा मी जाणारे, बाई,” ते म्हणाले. “पाचची बस आहे.”

भिंगरी आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “यांना कुणीच घेत नाही वाटतं.” ती हळू बोलते तेव्हा सगळ्या स्टँडला ऐकू जातं.

मी आणि दादा चहा आणायला कॅन्टीनच्या खिडकीशी गेलो.

“सांगितलंस?” मी विचारलं.

“बसमध्ये सांगणार आहे.”

“चालत्या बसमध्ये? म्हणजे उतरता यायला नको?”

“मग तू सांग ना. तुझी आणि बाबांची तर लाडकी जोडी आहे.”

“चार महिने सांभाळलं की दिसते जोडी. तू—”

“मीही चार महिनेच सांभाळतो, बरं का. मोजून.” त्याचा आवाज फाटला. चहावाल्याने कप पुढे सरकवले आणि दुसरीकडे बघितलं. दादाच्या शर्टाचं कॉलरजवळचं बटण निराळ्या रंगाचं होतं, बाबांच्या टाक्याने शिवलेलं.

आम्ही चहा घेऊन आलो. बाबांनी बशीत थोडा ओतला, फुंकर मारली.

“तिथल्या खुर्च्या लोखंडी आहेत,” ते म्हणाले. “वर रेक्झीन, आत स्पंज, तोही दबलेला. म्हातारी माणसं दिवसभर बसतात, आणि बूड टेकायला लोखंड. अठरा खुर्च्या आहेत. दोन महिन्यांचं काम.”

दादाच्या हातातला कप तसाच राहिला. “कुठल्या खुर्च्या?”

“तू माहितीचा कागद टेबलावर ठेवून ऑफिसला जातोस. मला वाचता येतं रे. मागच्या खेपेला तुझ्याकडे होतो तेव्हाच रिक्षा करून बघून आलो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमचं दोघांचं ठरायची वाट बघत होतो. किती वेळ लावता! लहानपणी शेवटच्या लाडवावरून भांडायचात, ते बरं होतं, पाच मिनिटांत मिटायचं.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “बाबा, नको. चला परत, माझ्याबरोबर चला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखादी खुर्ची बघावी तसं, कुठून उसवलीय ते शोधत.

“आणि चार महिन्यांनी? पुन्हा हाच बाक?” ते म्हणाले. “सकाळी डोळे उघडले की मला आधी आठवावं लागतं गं, दार डावीकडे की उजवीकडे. तुझ्याकडे डावीकडे. परवा सरळ कपाटावर गेलो. तुला आवाज नाही आला, बरं झालं. मला आता एकाच बाजूला दार असलेली खोली पाहिजे. बाकी काही नाही.”

भिंगरी बिस्किटाच्या कडा कुरतडत सगळं ऐकत होती. “म्हणजे आता मामाचा नंबर नाही?”

“नाही, मालकीणबाई.”

“आमचा?”

“कुणाचाच नाही. मी एका जागी राहणार, तू यायचंस.”

“या स्टँडवर?”

“आणखी पुढे. अजून चार तास.”

तिने विचार केला. “पुढचा रस्ता मला येत नाही.”

“मग मला पत्र पाठव. पुढे काय काय दिसतं ते मी कळवतो.”

दोनची बस लागली. दादाने सुटकेस वर चढवली, उतरून माझ्यापाशी आला, माझ्या डोक्यावर हात ठेवून परत चढला. मी औषधांची पिशवी बाबांच्या हातात दिली. सकाळच्या गोळ्या पांढऱ्या पुडीत, रात्रीच्या निळ्या, हे मी तीनदा सांगितलं. तीनदाही ते “हो बाळ” म्हणाले. त्यांनी आधी सीट दाबून पाहिलेली मला खिडकीतून दिसली, मग ते बसले.

बस वळून गेली. मला वाटलं होतं रडू येईल. आधी आलं ते हलकं वाटणं, पाठीवरचं ओझं कुणी अलगद उतरवून घ्यावं तसं. आणि त्याच्या मागोमाग लाज, इतकी की मी शेजारच्या बाकावरच्या त्या गृहस्थांकडेही बघू शकले नाही. आमच्या बसला पंधरा मिनिटं होती. बाकावर आम्ही दोघीच उरलो. भिंगरीचे पाय जमिनीला टेकत नाहीत, ती ते हलवत बसली होती, आणि बोटांवर कसला तरी हिशेब मांडत होती.

“आई, आजोबांना तू आहेस आणि मामा आहे.”

“हो.”

“मला भाऊ नाही. बहीण पण नाही.”

“नाही. का गं?”

“तू आजी झालीस की मी तुला इथे घेऊन येईन. चार तास येईन मी, मला रस्ता येतो.” तिने पाय हलवायचे थांबवले आणि ज्या बाजूने मामाची बस येते, त्या बाजूला बघितलं. “पण तिकडून कोण येणार?”