रेणूला पाठवलेले आवाज

"कुकर लावला का जी, उमेंद्रभाऊ?"

नंदाबाईंचा आवाज कुंपणावरून थेट स्वयंपाकघरात शिरला, आणि ओट्यापाशी मोबाइल धरून श्वास रोखून उभ्या असलेल्या उमेंद्रने कपाळाला हात लावला.

"थांबा ना जी जराशा! रेकॉर्डिंग चालू हाये."

"कायची?"

"कुकरची."

नंदाबाई कुंपणाशीच उभ्या राहिल्या. शिट्टी झाली, वाफ खाली बसली, मग त्यांनी हळूच विचारलं, "रेणू कवा येऊन राहिली वापस?"

बायको परदेशी गेल्यापासून शेजाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, असं त्यांना वाटलं असेल तर त्यांची काही चूक नव्हती. अर्जुनी मोरगावात उमेंद्रचं मोटार वाइंडिंगचं दुकान. उन्हाळी धानाचे दिवस, शेताशेतातले पंप जळून दुकानात रांगेने पडलेले, आणि हा माणूस दुपारी घरी येऊन कुकरची शिट्टी, दाराची कडी, पिंपात पडणारं पाणी मोबाइलमध्ये भरत बसलेला.

रेणू शाळेत चित्रकला शिकवायची. चार-पाच वर्षांपासून तिला मोबाइलवर काहीबाही करायचा नाद लागला होता. तलावाकाठी जाऊन बेडकांचे आवाज भर, त्याला चित्रं जोड, कुणाला तरी पाठव. त्यातूनच बेल्जियममधल्या एका संस्थेचं बोलावणं आलं. तीन महिने तिथे राहायचं, खर्च सगळा त्यांचा, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हाताशी धरून कलाकाराला काय करता येतं ते करून पाहायचं. उमेंद्रला हे फसवाफसवीचंच काम वाटलं होतं. व्हिसा लागला तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. नागपूरच्या विमानतळावर ती आत जायला निघाली तेव्हा त्याला खूप काही सांगायचं होतं. "पानी पेत जाजो," एवढंच तो म्हणाला.

तिथे पोचल्यावर तिने आपलं काम ठरवलं. घर. चित्र नाही, नुसते आवाज. आपल्या घराचे आवाज मशीनला ऐकवायचे आणि ऐकून ऐकून त्याने ते घर पुढे चालवायचं.

"चालवाचं म्हंजे?" त्याने फोनवर विचारलं होतं.

"म्हंजे आपन थांबलो का त्यानं पुढचं घर सोताच्या मनानं करून दाखवाचं."

"मशीनले मन हाये का?"

"तेच त पाहाले आली मी," रेणू हसून म्हणाली होती.

आवाज पाठवायला लागल्यावर उमेंद्रला पहिल्यांदाच कळलं की आपल्या घरात आवाज फार थोडे आहेत. दोन दिवसांत सगळे भरून झाले. चूल, नळ, पंखा, खाटेची करकर. मग तो एकाच गोष्टीचे पुन्हा पुन्हा आवाज पाठवू लागला. सकाळचा झाडू, संध्याकाळचा झाडू.

"तुमी कोठी हाये याच्यात?" एकदा रेणूने विचारलं. "तुमचा आवाजच नाई कशात."

"मी काय बोलू एकटा? लोक येडा म्हनतीन."

"नंदाबाईचा आवाज आला, तो ठेवला मी. तुमचा नाई. तुमी श्वास रोखून ठेवता का जी?"

खरंच ठेवायचा तो. रेकॉर्डिंग खराब होऊ नये म्हणून. मग एके दिवशी त्याने मोबाइल ताटाजवळ ठेवला आणि नुसता जेवला. भुरका मारला, ठसका लागला, पाणी प्याला. ते ऐकून रेणूचा फोन आला, पण ती नीट बोलली नाही. "पोचलं," म्हणाली आणि ठेवून दिला.

तीन महिने संपत आले तेव्हा तिने भीत भीत सांगितलं की ते लोक आणखी तीन महिने राहा म्हणताहेत. "तुमी नाई म्हना, मी येतो," असंही म्हणाली. इकडे बायकाही 'येतो'च म्हणतात. इतके दिवस परदेशात राहूनही तिचं ते गेलं नव्हतं. उमेंद्रने उत्तर लांबणीवर टाकलं. तुझा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग पाहू, म्हणाला.

कार्यक्रम तिकडे दुपारी होता. इकडे ऊन उतरायला लागलं होतं. त्याने दुकान बंद केलं, घरी येऊन दार लोटलं आणि मोबाइल तांब्याला टेकवून समोर बसला. पडद्यावर जुन्या कापडगिरणीतलं मोठं दालन दिसत होतं. खुर्च्यांवर गोरी माणसं, काही म्हातारी, काही तरणी. रेणू एका कडेला उभी होती. अंगात जाड स्वेटर, खाली नेहमीची साडी. ती वाळली होती. दिवे गेले आणि कडी वाजली. त्याच्या घराची कडी.

त्याला हसू आलं. इतकी माणसं अंधारात बसून आपली कडी ऐकताहेत! मग नळ आला. झाडू आला. "कुकर लावला का जी, उमेंद्रभाऊ?" नंदाबाई बेल्जियमात पोचल्या. मग कुणीतरी जेवलं, कुणाला तरी ठसका लागला, आणि उमेंद्रने लाजून मान खाली घातली.

त्यानंतर त्याने न पाठवलेले आवाज सुरू झाले. भांडी होती तशीच, पण जास्त. एक पायरी कुणीतरी उतरलं. पाट सरकला. मग आतल्या खोलीतून लहान पावलं धावत आली. गिलास पडून गरगर फिरत राहिला, आणि एक लेकरू खुदकन हसलं. काहीतरी म्हणालंही. शब्द नव्हता तो, कुठल्याच भाषेतला नव्हता, पण कुणाला तरी बोलावल्यासारखा होता.

उमेंद्रने वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. खाटेवर घडी घातलेली चादर होती.

नागपूरच्या डॉक्टरकडे त्यांनी वर्षानुवर्षं चकरा मारल्या होत्या. एकदा पोटात राहिलं, पाचव्या महिन्यात गेलं. शेवटच्या खेपेला परतताना गोंदियाला गाडी बदलून बल्लारशाच्या गाडीत बसल्यावर रेणू खिडकीबाहेर पाहत म्हणाली होती, "आता पुरे." तो म्हणाला होता, "बरं." त्या दोन वाक्यांनंतर घरात तो विषय कुणी काढला नव्हता. तिने बेडकांचे आवाज भरायला घेतले ते त्यानंतर.

टाळ्या वाजल्या. थोड्या वेळाने रेणूचा फोन आला. मागे माणसांची गजबज होती. चालत चालत ती कुठेतरी बाजूला गेली, मग गजबज थांबली.

"ऐकलं?"

"ऐकलं. बेस झालं."



"ते मी नाई टाकलं जी," रेणू म्हणाली. "मशीननंच आनलं. इथले लोक सांगतेत का त्यानं लाखो घरं ऐकली हायेत. घर म्हटलं का त्याले वाटते, लेकरू असनच."

"हं."

"काढाले येत होतं. एका बटनाचं काम. काढाले बसली मी. नाई काढलं."

उमेंद्रने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "पोरगा होता का पोरगी? मले काही समजलं नाई."

 मग रेणू रडायला लागली, नागपूरच्या दवाखान्यातही रडली नव्हती तशी. तो फोन कानाशी घट्ट धरून बसला. गप्प हो म्हणाला नाही. त्याच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"मलेबी नाई समजलं," शेवटी ती म्हणाली. "रोज ऐकतो. रोज येगळं वाटते."

"मंग राह्य तिथं," उमेंद्र म्हणाला. "तीन महिने आनखी राह्य."

"तुमी एकटे..."

"मी हावो ना इथं. उन्हाळा हाये, काम लय पडलं हाये. तू तुयं पुरं करून ये."

ती नको म्हणेल असं त्याला क्षणभर वाटलं. ती म्हणाली, "बरोबर जेवजा मंग." आणि फोन ठेवला.

घरात बसवेना म्हणून तो दुकानाकडे गेला. केशोरीचा एक शेतकरी जळलेली मोटार घेऊन दारातच उकिडवा बसला होता. पुन्हा पुन्हा नमस्कार करत होता, धान वाळून चाललं म्हणत होता. नवा माणूस, ओळख नव्हती. उमेंद्रने मोटार खोलली, काळी पडलेली तार ओढून काढली, साफसूफ केलं आणि नवी तार वेढे मोजत साच्यावर गुंडाळायला घेतली. माणूस बोलका होता.

"घरी कोन कोन हाये जी, भाऊ?"

"बायको हाये. बाहेरदेशी गेली कामाले."

"बापा! अना लेकरंबाळं?"

हा प्रश्न उमेंद्रला नवा नव्हता. आजवर कुणी विचारलं की त्याच्या तोंडून तडक 'नाई' निघायचं आणि तो पंपाचं बोलायला लागायचा. आज त्याचा हात साच्यावर तसाच थांबला. 

"नाई," उमेंद्र म्हणाला.

मग त्याने हातातल्या तारेकडे पाहिलं. वेढे किती झाले, ते आता त्याला आठवेना. मोटार अंदाजाने बांधता येत नाही. त्याने गुंडाळलेली सगळी तार सावकाश उलगडली, हाताने सरळ केली, आणि पहिल्या वेढ्यापासून मोजायला लागला.