जपून ठेवलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या एका लहानशा खाडीत, धक्क्याशेजारच्या शेडमध्ये, ठोकळ्यांवर बसून आहे. माझा रंग पाहिलात तर मला नवी म्हणाल. रंग मला दर वसंतात लागतो. पाणी तेवढं लागत नाही.

मला माझ्या मालकाच्या, अँब्रोजच्या वडिलांनी बांधलं. रानातली मुळाशी वाकलेली झाडं शोधून त्यांनी माझ्या बरगड्या केल्या. फळ्यांमधल्या फटींत डांबरात भिजवलेला दोर बसवताना ते मुलाला म्हणाले होते, "ठासून भरू नकोस रे पोरा. पाण्यात गेली की ही फुगणार. फुगायला जागा लागते."

मग अँब्रोज आणि मी कॉड माशाच्या मागे किती फिरलो! माझ्याइतकी हलक्या हाताने वळणारी होडी खाडीत नाही, असं लोक म्हणायचे. धक्क्यावर अँब्रोजची बायको थेल्मा मासे चिरायला उभी असायची आणि शेजारी माशांच्या खोक्यात, लोकरीच्या स्वेटरवर, त्यांची तान्ही ग्वेन झोपलेली असायची. घरी नेऊन पाहावं तर तिच्या कानामागे हटकून एखादा खवला चिकटलेला.

पुढे समुद्रातला कॉड संपत आला आणि सरकारने मासेमारी बंद केली. थोड्या दिवसांसाठी, असं सांगितलं होतं. ते दिवस संपलेच नाहीत. शेजारपाजारची माणसं हळूहळू गाव सोडून कामाला गेली. थेल्माचा भाऊ हेडली शहरात होड्या बांधायचा. त्याला लाकूड कळणारा माणूस हवा होता. वरच्या खोल्या रिकाम्याच आहेत, तिघंही या, असा त्याचा निरोप आला.

"आणि कॉड परत आला तर?" अँब्रोज म्हणाला. "होडीकडे कोण बघणार?"

"का, होडी काय तान्ही आहे? तिला दात येतायत?" थेल्मा म्हणाली.

तो हसला, पण गेला नाही.

बाकीच्या होड्या उपेक्षेने कुजल्या. माझं दुःख उलटं आहे. कोरड्यावर राहून माझ्या फळ्या आक्रसल्या, फटी रुंदावल्या, त्यांतून उजेड आत येऊ लागला. तो उजेड अँब्रोजला बघवेना. दर वसंतात तो डांबराचा दोर घ्यायचा आणि हातोडीने ठोकून ठोकून एकेक फट बुजवायचा. वडिलांचे शब्द तो विसरला नव्हता. तरी ठोकायचा.

एकदा गावातला म्हातारा कोळी गार्लंड दारात उभा राहिला. "होडी भरतोयस की तोफ?"

"आतून उजेड दिसतो, काका."

"दिसू दे की. पाण्यात गेल्यावर कुठे फुगेल ती? तुझ्या डोक्यात?"

अँब्रोजने पुढची फट ठोकायला घेतली.

ग्वेन मोठी झाली. तिला शहरातल्या कॉलेजात जायचं होतं आणि थेल्माने ठरवलं की आपणही जायचं. "तू येणार की नाही, तेवढं सांग," ती शेडमध्ये येऊन म्हणाली. त्याच उन्हाळ्यात सरकारने लोकांना घरी खाण्यापुरते मासे धरायला मोजके दिवस मोकळे दिले. अँब्रोजचा चेहरा असा उजळला की माझा जीव धास्तावला.

"बघ, उघडलं," तो म्हणाला. "ग्वेनला घेऊन जाऊन येतो. मग बोलू."

मला पाण्यात उतरवून धक्क्याला बांधलं. थेंबही आत आला नाही. लोकांनी कौतुक केलं. पण माझ्या फळ्या कित्येक वर्षांच्या तहानलेल्या. त्या पाणी प्यायल्या, फुगू लागल्या, आणि सरकायला कुठेच जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी माझी एक बरगडी कडाडली. मग तिच्या शेजारची. एक फळी उखडली आणि पाणी भसकन आत आलं.

"बाबा, वळवा," ग्वेन म्हणाली आणि बादलीने पाणी उपसू लागली. अँब्रोज मात्र गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ती फळी दाबत राहिला. गार्लंडने आपली मोटरबोट आणून आम्हाला ओढत नेलं.

थेल्माने कुडकुडणाऱ्या पोरीला स्वेटरमध्ये गुंडाळलं. ती रागावली नाही. "आता तरी चल, अँब्रोज. तुझे हात अजून चांगले आहेत. हेडली अजून विचारतो."

त्याचा हात माझ्या मोडक्या बरगडीवर होता. "नव्या बरगड्या घालतो. या हिवाळ्यात लाकूड आणलं की..."

"हे ग्वेनला तूच सांग."

त्याने सांगितलं नाही. त्या दोघी फेरीबोटीने गेल्या, तेव्हा तो शेडमध्ये माझी मापं घेत होता.

नोव्हेंबरात गावात मोठा जाळ करतात. त्यासाठी मुलं घरोघर जुनं लाकूड मागत फिरतात. ती इथेही आली.

"अँब्रोजकाका, ती फुटकी होडी द्या ना."

"फुटकी कोणाला म्हणता रे? वसंतात पाण्यात जाणार आहे ती. पळा."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपता जपता एका माणसाने स्वतःला वाढायला बोटभर जागा ठेवली नाही आणि त्याचं घर रिकामं झालं. असं जपणं माझ्या वाट्याला आलं नसतं तर बरं झालं असतं. पोरांनो, पुढच्या वर्षी त्याला विचारू नका. त्या जाळासाठी लाकूड पळवलं तर या खाडीत कोणी चोरी म्हणत नाही. शेडला कुलूप नाही. माझ्या अंगात डांबर ठासून भरलंय, मी लगेच पेटेन. तो ओरडेल, कदाचित रडेलही. रडू द्या. मग तुमच्यातल्या कोणीतरी त्याचा हात धरून त्याला फेरीबोटीत बसवा.