कर्ता नसलेलं वाक्य

नारिन या आमच्या डोंगराळ गावच्या वाचनालयातली मागची खोली मला आठवड्यातून तीन दुपारी मिळायची. आठ बायका माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत. सगळ्यांना इंग्लंडात स्ट्रॉबेरी तोडायच्या कामाला जायचं होतं, आणि त्यासाठी फोनवर इंग्रजीत मुलाखत द्यावी लागे. मी तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. सगळ्या मला एजे, म्हणजे ताई, म्हणत. आधी रोजचं बोलणं, मग थोडं व्याकरण आणि शेवटी त्या दिवशीची एक बातमी, अशी माझी पद्धत होती.

"एजे, स्ट्रॉबेरीला व्याकरण कशाला हवं हो?" बात्मा कुरकुरायची.

"तुला हवंच," जाझगुल म्हणायची. "नाहीतर मालक सांगेल पिकलेली तोड, आणि तू कच्च्यांनी टोपली भरशील."

जाझगुल सगळ्यांत हुशार आणि जिभेनं तिखट. तिचा नवरा मेदेर दोन वर्षांपासून रशियात एका पॅकिंगच्या कारखान्यात होता. त्याला तिथून सोडवायचं आणि दोघांनी मिळून इंग्लंड गाठायचं, असं तिनं ठरवलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मला कर्मणी प्रयोग शिकवायचा होता. अपघाताच्या बातम्यांत तो ठासून भरलेला असतो, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. सकाळी फोनवर तशी एक बातमी सापडली, तिच्या मी आठ प्रती काढल्या. रशियातल्या एका कारखान्याला आग लागली होती. मेदेर रशियात आहे एवढंच मला माहीत होतं. कुठल्या शहरात, ते मी कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या ओळीपासून जाझगुलची पाळी होती. ती एकेक वाक्य वाचून अर्थ सांगत होती. "कामगारांना वरच्या मजल्यावर ठेवलं गेलं होतं. दारं बाहेरून लावली गेली होती." ती थांबली. "एजे, कोणी लावली?"

"कर्ता दिलेला नाही," मी फळ्यावर लिहिता लिहिता म्हणाले. "या प्रयोगात तो गाळता येतो."

मागे बाक सरकल्याचा आवाज आला, म्हणून मी वळले. जाझगुल उभी होती. कागदावरच्या शहराच्या नावावर तिनं बोट दाबून धरलं होतं.

मेदेरचा फोन बंद होता. मग तिनं झिरगालला लावला. हा मुकादम आमच्याच गावचा, त्यानंच मेदेरला तिकडे नेलं होतं.

"वहिनी, सगळे सुखरूप आहेत," तो म्हणाला. "नुसता धूर झाला. फोन पोलिसांनी जमा केलेत, म्हणून लागत नाहीत. अफवांवर जाऊ नका."

टीव्हीवरही कारखाना रिकामा होता असंच सांगत होते. आमच्या कागदावर मात्र बारा मेले होते.

"टीव्ही कशाला खोटं सांगेल?" बात्मा हळूच म्हणाली.

"हे ज्यानं लिहिलंय त्यालाच विचारते," जाझगुल म्हणाली. बातमीखाली ईमेलचा पत्ता होता. तिनं तिथंच बसून इंग्रजीत पाच ओळी लिहिल्या, खाली आपला फोन नंबर दिला. त्यात एक छोटासा शब्द राहिला होता, तो मी घातला. तशा वेळीही माझा हात चूक सुधारायला गेला, याची आजही मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गातच फोन आला. बातमीदार बाई होती आणि भराभर बोलत होती. मला सगळं कळलं. मी तोंड उघडणार तोच जाझगुलनं हातानं मला अडवलं.

"कृपया सावकाश बोला," ती इंग्रजीत म्हणाली. शिकवणी सुरू झाली तेव्हा अगदी पहिल्या धड्यांत ते वाक्य आम्ही हसत हसत घोकलं होतं.

 मग पलीकडच्या बाईनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. खिडकीतून उडी मारून वाचलेल्या एका कामगारानं मेदेरची ओळख पटवली होती. मेदेर गेला होता.

"थँक यू," जाझगुल म्हणाली. तेही मीच शिकवलेलं.

मग तिनं विचारलं, "दार कोणी लावलं?"

मुकादमानं, असं तो वाचलेला माणूस सांगत होता. कामगारांकडे कागदपत्रं नव्हती, म्हणून पोलिसांची धाड आली की तो बाहेरून कुलूप घालायचा.

एकोणीस दिवसांनी जस्ताच्या पेटीतून मेदेर घरी आला. अंगणात राहुटी उभारली. रिवाजाप्रमाणे जाझगुल भिंतीकडे तोंड करून शोक गायला बसली. मेलेल्याचे गुण गाता गाता तिनं झिरगालचं नाव घेतलं, त्यानं घातलेलं कुलूपही गायलं. झिरगालची आत्या तिथंच बसली होती. हातातला पाव खाली ठेवून ती उठून गेली.

सासूनं, सैराकाननं, जाझगुलचा दंड आवळला. "गप्प बस, मेले! माझा धाकटा अजून त्या झिरगालच्याच हाताखाली आहे."

जाझगुल गातच राहिली.

खटला काही उभा राहिला नाही. माझ्या वर्गातल्या चौघी यायच्या बंद झाल्या. त्यांचेही नवरे झिरगालकडेच कामाला होते. जाझगुल मात्र मेदेरचा चाळिसावा दिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी येऊन पहिल्या बाकावर बसली.

"एजे, बातमी?"

"आणली नाही गं."

"उद्यापासून आणा," ती म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती की राग नव्हता.

मुलाखतीत ती पहिल्या फटक्यात पास झाली. मे महिन्यात विमानासाठी बिश्केकला जाणाऱ्या गाडीत तिला बसवायला मी एकटीच गेले होते. तिच्या पाच वर्षांच्या लेकीला, आयदायला, सासूनं त्या गाण्याचा राग धरून निरोपालाही पाठवलं नव्हतं. गाडी सुटेपर्यंत जाझगुल रस्त्याकडे बघत राहिली.