पाणी वर नेणारी हातगाडी

मित्रांनो, मी दोन चाकांची लाकडी हातगाडी आहे, आणि वयाने आमच्या फादरांपेक्षाही मोठी आहे. डोंगरमाथ्यावर मारियामातेचे चर्च आहे. तिथल्या यात्रेकरूंसाठी पायथ्याच्या एका सुताराने मला घडवले. जाड फळ्यांना रंधा मारला, चाकांवर लोखंडी धावा चढवल्या आणि आपल्या छोट्या लेकीला बसवून मला पहिली फेरी मारून आणली.

मेणबत्त्यांची खोकी, फुलांच्या टोपल्या, चढण न झेपणाऱ्या आज्या, सगळे मी वाहिले. मग टेम्पो आला आणि मला पायथ्याच्या शेडमागे टाकले. पावसात माझा रंग गेला, आसाला गंज चढला आणि एका कोंबडीने माझ्यात संसार थाटला. फार एकटे वाटे. कोंबडी निदान बोलत तरी असे.

यंदा जगभरातले कॅथलिक तरुण मेळाव्यासाठी आमच्याकडे जमले. इतक्या भाषा एकदम कानावर आल्या की कोंबडीही गप्प झाली. शेवटच्या दिवशी माथ्यावरच्या मैदानात मोठी मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, होती. दोन हजार मुलेमुली सकाळीच चढून गेली. अकराच्या सुमारास पाणी वर चढवणारा पंप जळाला. ऊन मी म्हणत होते. मुले भोवळ येऊन पडू लागली. टेम्पो तर रस्त्यावरच्या गर्दीत अडकून पडलेला.

फादर घामाघूम झाले. "मिस्सा रद्द करतो. सगळ्यांना खाली बोलावू."

"एकदम? चेंगरतील पोरं!" आक्का म्हणाल्या. आक्का म्हणजे चर्चची देखभाल करणाऱ्या बाई, त्या सुताराची लेक. आता साठीच्या. "पोरं उतरायची नाहीत, फादर. पाणी चढेल. जुन्या पायवाटेनं."

"तिथून टेम्पो जात नाही, आक्का."

"टेम्पो कोण म्हणतंय?"

त्या शेडमागे आल्या, कोंबडीला उचलून बाजूला ठेवले आणि मला ओढले. माझी चाके जागची हलेनात.

"तेल आणा."

"वेदीवरच्या दिव्याचं तेवढं आहे," फादर चाचरले.

"तेच आणा. मारियामातेला मी सांगते."

तेल आसात मुरले. मी कुरकुरले, पण फिरले. पाण्याचे सहा कॅन माझ्यावर चढले. ढकलायला चार देशांचे चार स्वयंसेवक आले. एकाचे बोलणे दुसऱ्याला कळेना. पहिल्याच झटक्याला दोघांनी उजवीकडे रेटले, दोघांनी डावीकडे.

"एक, दोन, जोर!" आक्का ओरडल्या. चौघांना फक्त 'जोर' कळला. तेवढा पुरला.

अवघड वळणावर माझ्या डाव्या चाकाचा आरा कडाडला. मी एका अंगाला कलले. खाली दरी होती. चौघांतल्या एका मुलीने चाकाला खांदा लावला. मग खांद्यावरचा आपल्या देशाचा झेंडा काढला, क्षणभर हातात धरला आणि त्या झेंड्यानेच तो आरा करकचून बांधला.

"शाब्बास गं पोरी!" आक्का म्हणाल्या. मुलीला शब्द कळले नसतील, पण ती हसली.

मीही मनाशी ठरवले, मोडायचेच असेल तर माथ्यावर मोडेन, इथे नाही.

आम्ही पोहोचलो. पहिला पेला तंबूत निपचित पडलेल्या एका मुलीला मिळाला. तिने डोळे उघडले, तेव्हा आक्कांनी मला परत वळवले होते. दिवसभरात नऊ खेपा झाल्या. पाचवीपासून ढकलायला इतके हात आले की माझी दांडी अपुरी पडली, आणि अख्खा डोंगर 'जोर' म्हणू लागला. मिस्सा चार तास उशिरा झाली, पण झाली. एकालाही चेंगराचेंगरीत उतरावे लागले नाही.

आता आक्कांनी मला नवा आरा बसवला आहे, डोक्यावर छप्पर दिले आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूचे कौतुक केले नाही तरी चालेल. तिला पावसात टाकू नका, वेळेवर तेल द्या. आणि मोडीत काढण्याआधी तिचे चाक एकदा हाताने फिरवून पाहा. कुरकुरले तर कुरकुरू द्या. फिरते आहे ना? मग तिला काम सांगा.